ठिपक्यांच्या पलीकडे: लहान मुलांना मराठी अक्षरे गिरवायला आणि मग स्वतः लिहायला शिकवताना

जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात गिरवण्याची पुस्तके ढिगाने दिसतात. ठिपक्यांची, तुटक रेघांची, खाच पाडलेली, पुसून पुन्हा लिहिता येणारी. पालक तीन-चार घेऊन जातात आणि दिवाळीपर्यंत मूल सगळी पाने भरून टाकते. मग एक दिवस पाटी पुढ्यात ठेवून ‘म काढ’ म्हटले की ते थबकते. ठिपके नाहीत, तर अक्षरही नाही. यात मुलाचे काही चुकलेले नसते. आधार दिला गेला, पण तो कधी काढायचा हे कोणी ठरवलेलेच नव्हते.

गिरवण्यातून दोन गोष्टी शिकता येतात: अक्षर कुठून सुरू होते आणि हात कुठल्या दिशेने जातो. अक्षराचे रूप मनात पक्के होते ते मात्र आधाराशिवाय काढताना. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अजून वाचता न येणाऱ्या पाचेक वर्षांच्या मुलांनी हाताने काढलेली, गिरवलेली आणि कीबोर्डवर टाइप केलेली अक्षरे यांची तुलना केली होती. नंतर अक्षरे नुसती पाहताना वाचनाशी संबंधित मेंदूचे भाग कामाला लागले ते स्वतः हाताने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. गिरवलेल्यांच्या बाबतीत तसे दिसले नाही. म्हणून पुढची सगळी रीत एका हिशेबावर उभी आहे: आधार द्यायचा आणि त्याच बैठकीत तो काढूनही घ्यायचा.

हात तयार आहे का?

वय विचारण्याआधी चार आकार काढून बघा. कोऱ्या कागदावर तुम्ही काढून दाखवायचे आणि मुलाने शेजारी तसेच काढायचे: उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकचे चिन्ह. साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल जमतो, चौथ्याच्या आसपास अधिक, साडेचारच्या पुढे चौकोन, आणि पाचच्या आसपास त्रिकोण. गोल बंद होत असेल आणि अधिकच्या दोन रेघा एकमेकींना छेदत असतील, तर अक्षराला हात घालायला हरकत नाही. नसेल, तर अजून दोन-तीन महिने रेघा, रंग आणि माती यांतच जाऊ द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही पायाभूत टप्पा ३ ते ८ वर्षे असा धरला आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाने क ते ज्ञ लिहावे असे त्या टप्प्यात कुठेच अपेक्षित नाही. शेजारच्या इमारतीतले मूल लिहिते म्हणून घाई करू नका.

त्रिकोणाचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण तिरकी रेघ सर्वांत उशिरा येते. अक्षरांचा क्रम लावताना त्याचा उपयोग होतो.

बोटांत ताकद येते ती स्वयंपाकघरात आणि अंगणात. मटार सोलणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, भिजवलेल्या बदामाचे साल काढणे, कणकेचा गोळा मळून त्याचे साप आणि गोळ्या वळणे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे. यातले एखादे काम रोज दहा मिनिटे मुलाकडे द्या. पुण्यात तर वर्षभर निमित्ते मिळतात. गणपतीच्या आधी शाडूची माती मिळते. अर्धा किलो घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर बरेच दिवस पुरते. दिवाळीत किल्ल्याचा चिखल मळणे, दगड रचणे, अळीव पेरणे ही हाताला मिळणारी उत्तम कसरत आहे. त्या आठवड्यात वही उघडलीच नाही तरी चालेल.

बसणे, कागद, पेन्सिल

खुर्चीवर बसवत असाल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. लोंबकळत असतील तर पायाखाली पाट उलटा घाला. टेबलाची उंची मुलाच्या कोपराच्या पातळीला असावी. त्याहून उंच असेल तर खांदे वर चढतात, मान अवघडते आणि दोन मिनिटांत ‘हात दुखतो’ सुरू होते. मांडी घालून बसायचे असेल तर पुढे बसका चौरंग ठेवा, वही मांडीवर नको.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी कागदाचा वरचा भाग थोडा डावीकडे कलता ठेवा, पंधरा-वीस अंश पुरे. डावखुऱ्यासाठी उलट, आणि थोडा जास्त. न लिहिणारा हात मोकळा लोंबत नसावा, तो कागद धरण्याच्या कामाला लागला पाहिजे. बऱ्याचदा ‘अक्षर हलते’ अशी तक्रार असते तेव्हा खरे तर कागदच हलत असतो.

पेन्सिल आखूड हवी. नवी कोरी लांब पेन्सिल छोट्या हातात जड आणि अस्थिर होते. ती अर्धी तोडा किंवा पाच-सात सेंटिमीटरचे वापरलेले तुकडे जपून ठेवा. मऊ शिशाची, टूबी, आणि जमले तर तीनकोनी. मेणाचे खडू तर मुद्दाम तोडून द्या: पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो आपोआप चिमटीत येतो. पकड शिकवायची सोपी युक्ती अशी: पेन्सिल टेबलावर टोक मुलाकडे करून ठेवा. टोकापासून दोन बोटे अंतरावर त्याने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती उचलायची आणि दुसऱ्या हाताने मागचे टोक ढकलून अंगठ्याच्या बेचक्यात टेकवायची. मधले बोट खालून आधार देते. करंगळी आणि अनामिका मोकळ्या सुटत असतील तर त्यांच्यात कागदाची छोटी गोळी धरायला द्या.

चार वर्षांच्या मुलाची पकड लगेच अशी झाली नाही तर बिथरू नका. चारही बोटांनी धरणे ही मधली पायरी आहे. मूठ मात्र साडेचार-पाचनंतरही सुटत नसेल तर हाताच्या ताकदीवर जास्त काम करावे लागेल.

घरी करायचे साहित्य

रव्याचे ताट. काठ असलेला साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा ट्रे घ्या, तळाला गडद रंगाचा कागद चिकटवा आणि वर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम बारीक रवा पसरा. थर तीन-चार मिलिमीटरचा हवा. जास्त झाला तर बोटाने काढलेली खूण कडेच्या रव्याने पुन्हा बुजते, कमी झाला तर बोट घासते. पावसाळ्यात रवा दमट होतो आणि त्यात अळ्या पडतात, म्हणून कोरडाच भाजून डब्यात ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. रांगोळी मात्र वापरू नका. ती दगडाची भुकटी असते, आणि मूल ट्रेवर नाक टेकवूनच काम करते.

काचपेपरची अक्षरे. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतले हे साधन शंभर वर्षांहून जुने आहे आणि घरी पन्नासेक रुपयांत होते. रविवार पेठेत किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात दीडशे नंबरचा काचपेपर मागा, तिथे त्याला पॉलिश पेपरही म्हणतात. अक्षर दहा सेंटिमीटर उंच आणि रेघेची रुंदी एक सेंटिमीटर ठेवून कापा व जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. सुरुवातीच्या जागी हिरवा ठिपका द्या. मुलाने तर्जनी आणि मधले बोट जोडून त्यावर हलकेच फिरवायचे आणि फिरवताना अक्षराचा उच्चार करायचा. फार खरखरीत कागद घेतला तर बोट दुखते आणि मूल पुन्हा हात लावत नाही. सगळी अक्षरे एकदम कापत बसू नका. पहिली चार पुरेत.

पाटी. दगडी पाटीला जो खर असतो, तो हाताला अडवतो आणि म्हणूनच शिकवतो. गुळगुळीत पांढऱ्या फळ्यावर मार्कर नुसता सरकतो. त्यामुळे पाटी अजूनही सर्वांत चांगली. एक काळजी घ्या: मूल पाटीवरची पेन्सिल खात असेल तर फक्त रागवून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना सांगा. माती-खडू खाण्यामागे कधी कधी लोहाची कमतरता असते.

आणि एक पिवळा हायलायटर. ठिपक्यांच्या पुस्तकापेक्षा साध्या कागदावर तुम्ही हायलायटरने काढलेले अक्षर जास्त उपयोगी, याचे कारण पुढे येईल.

आधी रेघा

पहिले दहा-बारा दिवस अक्षर नाही. भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला मोठा कागद चिकटवा आणि उभ्याने रेघा ओढू द्या. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळते आणि खांद्यातून हालचाल होते. बसून लिहिताना जी पकड सांगून येत नाही, ती इथे न सांगता येते.

क्रम असा ठेवा: उभी रेघ वरून खाली, आडवी रेघ डावीकडून उजवीकडे, गोल, डावीकडे उघडा अर्धगोल, उजवीकडे उघडा अर्धगोल, गाठ, आणि शेवटी तिरकी. गाठ म्हणजे छोटा वेटोळा. ती वेगळी शिकवावी लागते, कारण मराठी अक्षरांत ती पावलोपावली येते: ग, म, भ, न. दसऱ्याच्या पाटीपूजनाला एकाचे आकडे जोडून जी सरस्वती काढतात, ती या टप्प्यावर फार कामाची आहे. एकच वळण पुन्हा पुन्हा, आणि शेवटी एक पूर्ण चित्र. दसऱ्याची वाट बघायची गरज नाही.

अक्षरांचा क्रम

अ, आ, इ किंवा क, ख, ग या क्रमाने लिहायला शिकवू नका. तो क्रम म्हणण्यासाठी आणि ऐकण्यासाठी उत्तम, पण हाताला तो उलटा पडतो. ‘अ’मध्ये दोन अर्धगोल, आडवी दांडी, काना आणि शिरोरेघ अशी पाच कामे आहेत, ‘इ’ त्याहून अवघड. जुन्या शाळांत ‘ग म भ न’ने सुरुवात व्हायची ती उगाच नाही.

‘ग’: वरच्या रेघेपासून काठी खाली, तळाशी डावीकडे छोटी गाठ. मग शेजारी काना, पूर्ण उंचीचा. शेवटी शिरोरेघ.
‘न’: डावीकडे मध्यावर गाठ, तिथून आडवी दांडी उजवीकडे, काना, शिरोरेघ.
‘म’: ‘ग’ची काठी आणि ‘न’ची दांडी. वरून काठी, तळाशी गाठ, गाठीतून आडवे उजवीकडे, काना, शिरोरेघ.
‘भ’: ‘म’सारखाच, पण काठी सुरू होण्याआधी वर डावीकडे वळसा, आणि शिरोरेघ तुटक.

पूर्ण आणि तुटक शिरोरेघेचा हा फरक पहिल्या दिवसापासून बोलून दाखवा. म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या जोड्यांत डोक्यावरची रेघ नीट नसेल तर अक्षरच बदलते. घ झाकलेला, ध उघडा. मुले ‘झाकलेला’ आणि ‘उघडा’ हे शब्द लगेच उचलतात.

त्यानंतर व, ब, क. गोल आणि काना म्हणजे व. गोलाच्या आत तिरकी रेघ घातली की ब. कान्याच्या उजवीकडे शेपूट काढले की क. आणि हाच खेळ पुढच्या गटात: प, ष, फ. पोटात रेघ म्हणजे ष, बाहेर शेपूट म्हणजे फ. दोन्ही गट लागोपाठ घेतले की सहा अक्षरे जवळजवळ तीनाच्या कष्टात होतात. मात्र ब आणि ष यांच्या पोटातली रेघ तिरकी असल्यामुळे, ज्याला त्रिकोण जमत नाही त्याच्याकडून व, क, प, फ आधी घ्या आणि ती दोन मागून.

मग र, स, ख. मग त, ल. मग च, ज. मग ट, ठ, ढ, द, ज्यांना काना नसतो आणि छोट्या मानेवर पोट लटकते. ड, ह, झ, ण, छ, क्ष, ज्ञ आणि अ-इ-उ-ए शेवटी. ‘ळ’ विसरू नका. मुलांना तो आवडतो, कारण तो दोन गोलांचा असतो.

२००९ च्या शासननिर्णयाप्रमाणे मराठी वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. दोन-तीन दिवसांना एक अक्षर हा वेग धरला तर साधारण चार-पाच महिने होतात, आजारपण आणि सुट्ट्या धरून सहा-सात. ज्यांना हे फार वाटते त्यांनी मुलाचा वेग न वाढवता सुरुवात पुढे ढकलावी. साडेपाच वर्षांचे मूल हेच काम निम्म्या वेळात करते.

एका अक्षराची बैठक

चार वर्षांच्या मुलासाठी पाच-सात मिनिटे, पाच वर्षांच्यासाठी दहा. पोट भरलेले असताना, झोप झालेली असताना आणि टीव्ही बंद असताना. समजा ‘म’ घेतला आहे.

१. पाटीवर दहा सेंटिमीटरचा ‘म’ तुम्ही हळू काढा आणि काढताना बोला: ‘काठी खाली, गाठ, आडवं, काना, वर रेघ.’ दर वेळी हेच शब्द, याच क्रमाने. आई एक म्हणते, आजी दुसरे आणि शाळा तिसरे असे झाले तर शब्दांचा उपयोग संपतो, म्हणून घरात एकदा ठरवून घ्या.

२. काचपेपरवर दोन बोटांनी तीनदा, तोंडाने ‘म’ म्हणत.

३. खडूने पाटीवर ‘म’ काढा. मुलाने ओल्या बोटाने, त्याच वाटेने जात तो पुसायचा. दोनदा. वाट चुकली की खडू तसाच राहतो, चूक त्याची त्यालाच दिसते, तुम्हाला बोलावे लागत नाही.

४. कागदावर हायलायटरने काढलेले तीन ‘म’, तीनेक सेंटिमीटर उंचीचे. त्यावरून पेन्सिल.

५. नुसता हिरवा ठिपका, बाकी कोरे. दोन ‘म’.

६. आता पुठ्ठा उलटा, नमुना नाही, ठिपका नाही. तीन ‘म’. मग पुठ्ठा सुलटा करून मुलानेच तिन्हींतला सर्वांत चांगला निवडायचा आणि त्याभोवती गोल करायचा.

सहाव्या पायरीवर अडले तर पाचवीवर या, एकदम दुसरीवर नको. आणि दुसऱ्या दिवशी बसल्यावर सर्वांत आधी कालचा ‘म’ आठवून काढायला सांगा, काही न दाखवता. या एका मिनिटात कळते की काल काय शिकले गेले. जमला तर पुढे जा, नाही जमला तर आज पुन्हा ‘म’, बस.

खोडरबर दृष्टीआड ठेवा. खोडण्यात जाणारा वेळ अक्षर काढण्यात गेला पाहिजे, आणि शेजारी-शेजारी दिसणारे चांगले-वाईट ‘म’ हेच मुलाला तुलना करायला उपयोगी पडतात.

हात धरून गिरवून घेण्याबद्दल घरातल्या मोठ्यांशी प्रेमाने बोलावे लागते. ‘आम्ही असेच शिकलो’ हे खरे आहे. पहिल्या एक-दोन वेळा दिशा कळण्यापुरता हात धरला तर बिघडत नाही, पण तुमचा हात चालू लागला की मुलाचा हात ढिला पडतो आणि डोळे खिडकीबाहेर जातात. त्यापेक्षा आजी-आजोबांनी शेजारी स्वतःच्या पाटीवर तेच अक्षर हळूहळू काढावे. मूल बघत बघत काढते, आणि दोघांनाही ते आवडते.

छापील पत्रके निवडताना

इंटरनेटवरची फुकट पत्रके पुष्कळदा हिंदीसाठी केलेली असतात. ओळखायचे कसे? ‘ळ’ आहे का बघा. नसेल तर विषय संपला. असेल तर ल, श, झ आणि ५, ८, ९ तपासा. यांची हिंदी वळणे वेगळी असतात. मुलाने घरी एक ‘ल’ गिरवला आणि शाळेच्या पुस्तकात दुसराच दिसला तर गोंधळ त्याचा होतो. नमुना म्हणून बालभारतीचे इयत्ता पहिलीचे पुस्तक समोर ठेवा. ते संकेतस्थळावरही बघता येते, आणि शाळेत हीच वळणे दिसणार आहेत.

ठिपक्यांबद्दल. ठिपके जोडताना मुलाचे लक्ष पुढच्या ठिपक्यावर असते, अक्षरावर नाही. हात थांबत-थांबत जातो आणि वळण कधीच सलग होत नाही. शिवाय कुठल्याही टोकापासून सुरू केले तरी शेवटी पान बरोबरच दिसते. खालून वर काढलेला काना आणि वरून खाली काढलेला काना पानावर सारखेच, त्यामुळे शिक्षकांनाही कळत नाही. फिकट सलग रेघ, सुरुवातीचा ठिपका आणि एखादा बाण, इतकेच हवे. विकत आणलेले ठिपक्यांचे पुस्तक वाया घालवायचे नसेल तर हायलायटरने ठिपक्यांवरून सलग अक्षर काढून द्या, आणि ओळीतली शेवटची दोन अक्षरे पांढऱ्या कागदाने झाकून तिथे त्याला स्वतः काढू द्या. तेच पान पुन्हा वापरायचे असेल तर पारदर्शक फोल्डरमध्ये सरकवून वरून पाण्याने पुसणारा मार्कर चालतो, पण त्यात पेन्सिलचा खर नसतो, म्हणून रोज नको.

काय बिघडते आणि का

नखे पांढरी पडेपर्यंत पेन्सिल दाबली जाते, कागद फाटतो. बहुतेक वेळा अक्षर फार लहान काढायला लावलेले असते किंवा शिसे कडक असते. अक्षर दुप्पट मोठे करा, टूबी द्या आणि कागदाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवा: भोक न पाडता लिहायचे. याच्या उलट, रेघ दिसतच नसेल तर कागदाखाली काचपेपर ठेवा, हाताला खर लागला की दाब वाढतो.

काना खालून वर. मूल पेन्सिल जिथे थांबली तिथूनच पुढे जायला बघते, आणि गाठ संपते ती खालीच. प्रत्येक कान्याच्या डोक्यावर हिरवा ठिपका द्या आणि ‘उचल, वर जा, खाली ये’ हे शब्द जोडा.

शिरोरेघ आधी काढणे. शाळाशाळांत यावर मतभेद आहेत. शेवटी काढावी असेच आमचे मत: शब्द लिहू लागल्यावर एकच रेघ सगळ्या अक्षरांवरून ओढायची असते आणि आधी काढलेली रेघ नेहमी लांब किंवा तोकडी पडते. मग अक्षर लटकवायचे कशाला? कागदावर आखलेल्या वरच्या ओळीला. हेच इंग्रजीशी भांडण होण्याचे ठिकाण आहे. इंग्रजी अक्षर खालच्या ओळीवर बसते, आपले अक्षर वरच्या ओळीला लोंबते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या वहीत ‘क’ खालच्या ओळीवर टेकलेला आणि वर हवेत दिसतो, तो यामुळे. दोन्ही लिप्या एका बैठकीत घेऊ नका. एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि वह्या वेगळ्या.

डावखुरे मूल. हात बदलायला लावू नका. छापील ओळीत नमुना डाव्या टोकाला असतो आणि लिहिताना तो त्याच्याच हाताखाली झाकला जातो, म्हणून नमुना वर किंवा उजव्या टोकालाही काढून द्या. पेन्सिल टोकापासून तीन बोटे वर धरू द्या म्हणजे लिहिलेले दिसेल. आडवी दांडी त्याला ढकलावी लागते, आपल्याला ओढता येते. तो शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढत असेल तर ओढू दे. वर्गात दोन मुले एका बाकावर बसत असतील तर त्याला डाव्या टोकाला बसवायला शिक्षकांना सांगा, कोपर कोपराला लागत नाही.

आरशातली अक्षरे आणि आकडे सहा-सात वर्षांपर्यंत अधूनमधून दिसतात. त्यांत सर्वांत वरचा नंबर ३ आणि ६ चा. दोन्ही एका आठवड्यात शिकवू नका. आधी ३ पक्का होऊ द्या, मध्ये १, २, ४ घ्या, मग ६. नंतर दोघे भेटले की ‘छत्तीसचा आकडा’ दाखवा: ३६ मध्ये दोघांची पाठ एकमेकांकडे, ६३ मध्ये तोंडे समोरासमोर. भांडण आणि गट्टी हे चार वर्षांच्या मुलाला चांगले कळते, आणि कुठला कुठे तोंड करतो ते लक्षात राहते.

पाच वर्षे पूर्ण होऊनही गोल आणि अधिक जमत नसेल, सहाव्या वर्षीही कुठला हात आपला हे ठरत नसेल, रोज हात दुखत असेल किंवा डोळे कागदाला टेकवून लिहीत असेल, तर सराव वाढवू नका. आधी डोळे तपासा आणि बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवा. तिथे हाताचे, खांद्याचे आणि डोळ्यांचे काम वेगवेगळे बघतात, जे घरी बघता येत नाही.

दुरेघी वहीकडे

चार-पाच गट झाले आणि अक्षर दीड सेंटिमीटरपर्यंत सहज येऊ लागले की दुरेघी वही आणा. नेहमीच्या दुरेघीतल्या ओळी या वयाला अरुंद वाटतात. सुरुवातीला कोऱ्या वहीवर दोन सेंटिमीटर अंतराने तुम्हीच आखा, महिन्याने दीड, मग छापील वही. वरची ओळ लाल पेनाने आखा, कारण अक्षर तिथून लटकायचे आहे.

एका पानावर एकच अक्षर पन्नास वेळा लिहायला लावू नका. दहाव्यानंतर ते बिघडत जाते, आणि बिघडलेल्याचाच सराव होतो. एका ओळीत पाच, अशा दोन ओळी, बास. त्याऐवजी झालेल्या अक्षरांतून शब्द काढा. ग, म, न, भ झाले की ‘मन’, ‘गगन’, ‘नभ’. व, ब, क आले की ‘बक’, ‘वन’, ‘नमक’. प, र, स यांनी ‘पसर’, ‘गरम’, ‘नगर’. दोन अक्षरांमध्ये करंगळीची रुंदी सोडायची, दोन शब्दांमध्ये दोन बोटांची. काना-मात्रा सगळ्या मुळाक्षरांना हात बसल्यावर. आधी काना, मग दुसरी वेलांटी, आणि पहिली वेलांटी सर्वांत मागे ठेवा, कारण ती उच्चारात अक्षरानंतर येते आणि कागदावर आधी दिसते.

काना आला की मंडईची यादी मुलाकडे द्या. ‘पपई’ला थांबावे लागेल, पण ‘वाल’, ‘गाजर’, ‘पालक’, ‘आवळा’ ते लिहू शकते. यादी गिरवायला देऊ नका. तुम्ही नाव म्हणा, ते ऐकून लिहील. ‘ज’ वाकडा आला तरी भाजीवाल्या मावशींना वाचता आला पाहिजे, एवढेच बघा, आणि ती यादी पिशवीत घालून त्यालाच बरोबर न्या.